ती घंटा गिरणीची नव्हती

अण्णा, परवा तुम्हाला माफ करण्यात आलं.

तेही तुमच्याच शोकसभेत. लालबागच्या आपल्या चाळीचं पटांगण, मधे टेबल, टेबलावर तुमचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. समोर तुमच्या औषधांच्या दुकानाला फळ्या लावलेल्या. अध्यक्ष घागभाऊ, दुसरं कोण असणार? चाळ कमिटीचे सेक्रेटरी तेच, गणपतीच्या वर्गणीला पुढे तेच, आणि हरताळाच्या त्या सकाळी डांबराचा डबा घेऊन तुमच्यासमोर उभे राहिले तेही तेच. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "चूक माणसाकडून होते. अण्णांकडूनही एकदा झाली. हरताळाच्या दिवशी घंटा वाजवून कामगारांना कामावर बोलावत होते. पण मग माणूस सुधारला. आपल्याबरोबर घोषणा द्यायला लागला. आज मी जाहीर सांगतो, आमच्या मनात काही नाही. आम्ही त्यांना केव्हाच माफ केलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, एवढंही कोणाला सुचलं नाही.

तुम्ही गेलात त्याचं धड रडणंही माझं अजून झालेलं नाही. आणि रडायला बसावं तर घागभाऊंचं ते वाक्य डोक्यात वाजायला लागतं. म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. पण हयात असतानाही तुम्ही माझं ऐकून घेत होतात, आणि करायचं ते स्वतःच्याच मनाने करत होतात. त्यामुळे मला फारसा फरक पडत नाही.

मला फिट येते, अण्णा. हे वाक्य मी कागदावर पहिल्यांदा लिहिलं. लिहायला काहीच कठीण नव्हतं. तुमच्या दुकानात हा शब्द इतक्या हळू बोलला जायचा की मला वाटायचं, तो मोठ्याने उच्चारला तर बरणीतली सगळी औषधं नासतील.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत ते तुमच्या दुकानासमोरच्या फरशीवर. मी शाळेतून येत होते आणि पडले. शुद्धीवर आले तेव्हा कोणीतरी माझ्या नाकाशी चप्पल धरली होती आणि तुम्ही ती हिसकावून घेत होतात. "वहाणेच्या वासाने आजार बरा होत असता तर मी हे दुकान कशाला मांडलं असतं?" असं तुम्ही त्या माणसाला विचारत होतात. मग मला कुशीवर वळवलंत, तोंड पुसलंत, आणि जमलेल्या लोकांना इतकं फैलावर घेतलंत की मला वाटलं, पडण्याचा गुन्हा त्यांनीच केलाय. पडल्यावर कोणी माझ्यावर न रागावण्याची ती पहिलीच वेळ होती.

तोवर घरात काय काय झालं होतं ते तुम्हाला आईने नंतर सांगितलं. करी रोडचा एक भगत झाला, लिंबू झाले, गंडा झाला, गावाहून आजीने पाठवलेला अंगारा झाला. "चेडवाक बाहेरचा लागला हा," पोरीला बाहेरची बाधा झालीय, हे आईचं ठरलेलं होतं. तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. म्हणालात, "अंगारा लावा, माझं काही म्हणणं नाही. पण उद्या परळच्या इस्पितळात घेऊन जा." डॉक्टरांनी बघितलं, गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक, आणि मधेच बंद करायच्या नाहीत. ती चिठ्ठी घेऊन आई तुमच्या दुकानात आली आणि तिथून आपलं सुरू झालं.

महिनाभर मी पडले नाही, तर आईने गोळ्या बंद केल्या. बरी झाली ना पोर, मग औषध कशाला? गिरणगावात सगळे असंच करतात. मी पुन्हा पडले. त्या दिवशी तुम्ही आईला दुकानात आतल्या बाजूला खल आणि बाटल्यांच्या मधे स्टुलावर बसवलंत आणि सांगितलंत, "वहिनी, तिला बरं वाटतंय ते गोळीमुळे. गोळी थांबली की बरं वाटणंही थांबलं."

"किती दिवस घालूची?"

"डॉक्टर सांगेल तोवर. वर्षं जातील कदाचित."

आई रडायला लागली. तुम्ही तिला रडू दिलंत. कोणी गिऱ्हाईक आलं तर "बाई दमल्यात, बसल्यात जरा" म्हणून बाहेरच्या बाहेर कटवलंत. औषध द्यायला पाच मिनिटं लागतात. ते रोज पोटात जातंय की नाही हे बघायला तुम्ही तुमचं सगळं आयुष्य लावलंत, आणि शोकसभेत त्याबद्दल एक अक्षर कोणी बोललं नाही.

मला आठवतं, मी रिकामी होत आलेली डबी घेऊन यायची आणि तुम्ही ती कानाशी धरून हलवायचात. आवाज जास्त आला, म्हणजे गोळ्या उरल्यात, की भुवया वर. "शालू, या आठवड्यात जत्रेला गेली होतीस का?" कितीही गर्दी असली तरी गोळीचं नाव काढायचं नाहीत. मला चोरी पकडल्यासारखं व्हायचं, आणि घरी गेल्यावर आईशी भांडण. एकदा मी चिडून विचारलं, ही गोळी माझी बंद कधी होणार? तुम्ही म्हणालात, "तो डॉक्टरचा प्रश्न. माझा प्रश्न एवढाच, आजची घेतलीस का?" मला त्या उत्तराचा भयंकर राग आला होता. अजूनही थोडा आहे.

भोंग्याची युक्ती तुमचीच. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, आमच्या मजल्यावर कोणाच्याच नव्हतं. घड्याळाची गरजच काय? गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा भरायचा, भोंगा झाला की बाबा येणार म्हणून चहा टाकायचा. तुम्ही आईला सांगितलंत, सकाळच्या पाळीच्या भोंग्याला एक गोळी, रात्रपाळीच्या भोंग्याला दुसरी. रविवारी भोंगा नसतो, त्या दिवशी बाबा घरी, ते देतील. आईला हे एकदम पटलं. भोंगा झाला की ती एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन उभी. मी झोपेत असले तरी तोंड उघडायची. आणि फक्त मीच नव्हते. दमेकरी होते, छातीत धडधडणारे होते, साखरेचे होते. सगळ्यांची औषधं तुम्ही भोंग्याला बांधून दिली होतीत. त्यांची नावं तुम्ही मला कधीच सांगितली नाहीत. मी आपले अंदाज केले.

मग मुंबईसाठी चळवळ पेटली. गोळीबार झाला, कर्फ्यू लागला आणि गिरण्या बंद पडल्या. एक नाही, सगळ्याच. अण्णा, त्या दिवसांत तुम्ही काय केलंत हे मी घागभाऊंना ओरडून सांगायला हवं होतं. दुकानाची एक फळी सरकवून तुम्ही जखमी पोरांना आत घेत होतात. घागभाऊंच्या सख्ख्या भावाची पोटरी तुम्हीच बांधलीत. महाराष्ट्र त्यांना एकट्यांनाच हवा होता का?

पण त्याच दिवसांत आमच्या घरात भोंगा वाजला नाही, आणि गोळी दिली गेली नाही. बाबा मोर्चात, कधी घरी कधी नाही. आईच्या मते सगळंच बंद होतं. गिरण्या बंद, दुकानं बंद, शाळा बंद, तशी गोळीही बंद. चार-पाच दिवस असे गेले आणि मी शेगडीजवळ पडले. हाताला भाजल्याचा डाग अजून आहे. तुम्ही धावत आलात आणि आईला विचारलंत, तर ती बिचारी म्हणाली, "भोंगोच वाजूक नाय, मगे गोळी कशी देऊ?"

तुम्ही तिथे दारातच बसलात. आईवर एक शब्द रागावला नाहीत. "मालकाच्या भोंग्यावर मी माझी माणसं सोडली," असं काहीतरी पुटपुटलात. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही घरोघर फिरून समजावत होतात, की हरताळ असला तरी औषधाला हरताळ नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या हरताळाला तुम्ही फिरून बघितलंत तर निम्म्या घरांत गोळ्या डबीत तशाच. माणसं खोटं बोलली नव्हती. त्यांच्या हाताला आवाजाची सवय लागली होती, आवाज नाही तर हात उठत नव्हता. ती सवय तुम्हीच लावली होतीत.

म्हणून तुम्ही जुन्या बाजारातून शाळेची पितळी घंटा आणलीत.

ती सकाळ मला पक्की आठवते. हरताळ होता, चाळ शांत होती, आणि भोंग्याच्या वेळेला खाली घंटा वाजायला लागली. मी गॅलरीत आले. तुम्ही पांढरा शर्ट आणि धोतर, एका हातात घंटा, दुसऱ्या हातात छत्री, असे एका चाळीच्या पटांगणातून दुसऱ्या चाळीच्या पटांगणात निघाला होतात. कोणाकडे न बघता. मला हसू आलं. आईने गोळी दिली, मी घेतली. बाहेर माणसं दारांत येऊन विचारायला लागली, काय आहे, कोण मेलं? आणि कोणाच्या तरी डोक्यात किडा वळवळला. भोंग्याच्या वेळेला, गिरणीच्या वस्तीत, हरताळाच्या दिवशी हा माणूस घंटा वाजवतोय. म्हणजे कामावर बोलावतोय. म्हणजे मालकांनी फोडलाय.

रस्ता दुरुस्तीचं पिंप नाक्यावर होतंच. डांबर आणायला किती वेळ लागतो?

मी वरून बघत होते. घागभाऊ तुम्हाला म्हणत होते, "बोल ना, कोणी दिली घंटा? कोणी पाठवलं तुला?" तुम्हाला अरेतुरे करताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. तुम्ही म्हणालात, "कोणी नाही." ते म्हणाले, "मग वाजवतोस कोणासाठी?" आणि तुम्ही गप्प. नुसते उभे. घंटेचा लोलक हाताने धरून ठेवलात, वाजू नये म्हणून. एका वाक्यात सुटला असतात, अण्णा. आजारी माणसांना औषधाची आठवण करतोय, एवढं म्हटलं असतंत तरी पुरे होतं. मी खाली यायला निघाले, तर आईने दाराला पाठ लावली आणि म्हणाली, "माझ्या चेडवाचा कसा होतला?" मी दार उघडेपर्यंत तुमच्या तोंडाला डांबर लागलं होतं.

दुपारी तुमच्या घरी आले. काकी तुमच्या तोंडाला खोबरेल चोळत होत्या, मग घासलेटचा बोळा, मग पुन्हा खोबरेल. तुमचा गाल सोलवटला होता. काकी रडत होत्या आणि तुम्ही त्यांना सांगत होतात की घासलेट जपून वापर, स्टोव्हला लागेल. मी तुमच्यावरच भडकले.

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू?"

"औषधासाठी घंटा आहे म्हणून."

"मग ते विचारतील, कोणाचं औषध? कसलं औषध?"

"माझं नाव सांगा. मला फिट येते म्हणून सांगा. मी परवानगी देते तुम्हाला."

तुम्ही हसलात, आणि हसल्यामुळे गाल दुखला. मग म्हणालात, "तुझं एकटीचं सांगून भागतंय का, शालू? एकदा कळलं की घंटा आजाऱ्यांसाठी आहे, की पुढच्या वेळी अख्खी चाळ दारात उभी राहील. घंटा वाजली की कोण तांब्या उचलतंय ते बघत. आणि तुला माहीत नाही, त्यात कोणाकोणाचे तांबे आहेत. एकाची नोकरी जाईल. एकीला नवरा गावी धाडून देईल." आणि मग हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने पण मला ऐकू जाईल असं, म्हणालात, "तुझंही लग्न व्हायचंय."

पहिलं कारण मला पटलं. अजूनही पटतं. तिथे तुमचंच खरं होतं, आणि मी ते तेव्हाच कबूल केलं. पण ते दुसरं कारण, अण्णा! तुम्हीसुद्धा? ज्या माणसाने माझ्या नाकाशी धरलेली चप्पल हिसकावली, त्यानेच पुढे मला झाकून ठेवायचं ठरवावं? माझा आजार मला विचारून आला नाही हे खरं. पण तो लपवायचा की नाही हे तरी मला विचाराल की नाही? आपलं या विषयावर किती वेळा वाजलं त्याला गणती नाही. मी म्हणायची, ज्याला माझी गोळी चालत नाही तो नवरा मला चालत नाही. तुम्ही म्हणायचात, "हे सगळं बोलायला ठीक आहे. तुझ्या आईला झोप लागत नाही त्याचं काय?" हा वाद तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. दुकान बंद करताना नेहमी म्हणायचात तसं, "बाकीचं उद्या."

घंटा तुम्ही पुन्हा वाजवली नाहीत. मला वाटलं, हरलात. पण पुढचा हरताळ आला आणि भोंग्याच्या वेळेला पटांगणातून तुमचा आवाज आला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि थोड्या वेळाने स्वतःच, "झालाच पाहिजे!" त्या फाटक्या, बसक्या आवाजात, एकट्याने. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे बघितलं, आणि ती उठून गोळी काढायला गेली. मला इतकं हसू फुटलं की पाण्याचा घोट नाकातून बाहेर आला. सगळ्या गिरणगावासमोर तुम्ही आम्हाला गोळी घ्यायला सांगत होतात आणि एकाही माणसाला कळत नव्हतं. कोण तांब्या उचलतंय ते बघायला कोणी दारात उभं नव्हतं. उलट लोक गॅलऱ्यांतून "झालाच पाहिजे" ओरडून साथ देत होते.

ती घोषणा तुम्ही नुसत्या गोळ्यांसाठी देत होतात असं मी म्हणणार नाही. तुम्हाला महाराष्ट्र हवाच होता. राज्य झालं त्या दिवशी तुम्ही दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत होतात. साखरेच्या पेशंटांना मात्र नाही. त्यांना चणे.

पण घागभाऊंनी तेव्हाच ठरवून टाकलं की डांबराने माणूस सुधारला. सगळ्यांना सांगत फिरायचे. एकदा मोर्चात त्यांनी तुमच्या खांद्यावर हात टाकला आणि तुम्हाला पुढच्या रांगेत नेलं. तुम्ही गेलात. मी विचारलं, "अण्णा, लाज नाही वाटत? ज्याने तोंड काळं केलं त्याच्या हाताखाली चालता?" तुम्ही म्हणालात, "त्याला वाटतंय ते वाटू दे. त्याचा काय तोटा, माझा काय तोटा?" तोटा माझा होत होता, अण्णा. माझ्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक गोळीबरोबर तुमच्या नावाला लागलेलं ते डांबरही जात होतं. तुमच्या मनाचा मोठेपणा मला परवडत नव्हता.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या गोळ्या संपल्या. दादरच्या एका मोठ्या दुकानात गेले. काचेची कपाटं, वर पंखा, सगळं चकचकीत. त्या माणसाने चिठ्ठी घेतली, माझ्याकडे न बघता पुडी काउंटरवर टाकली आणि "पुढचं कोण?" म्हणाला. त्याची काही चूक नाही, त्याचं काम तेवढंच. मीच तिथे वेड्यासारखी उभी राहिले. मला वाटत होतं, आता हा डबी कानाशी धरून हलवेल आणि काहीतरी बोलेल. माझ्या मागची बाई म्हणाली, "सरका ना." मी सरकले आणि फुटपाथवर येऊन हमसून हमसून रडले. तुम्ही गेलात हे मला तिथे कळलं, स्मशानातून बाबा आले तेव्हा नाही.

आणि मग परवाची सभा.

त्या टाळ्या थांबल्या तेव्हा मी उठून उभी राहिले. आईने माझा पदर धरला. तिला लगेच समजलं, मी काय करणार ते. माहीमचं एक स्थळ चालून आलंय, गेल्याच आठवड्यात बोलणी झालीत. त्या मुलाचे मामा आपल्याच चाळीत राहतात आणि ते दुसऱ्या रांगेत बसले होते. तुम्ही तिथे असतात तर मला डोळ्यांनीच खाली बसवलं असतंत. पण आता राज्य झालंय, हरताळ संपलेत, घोषणांवर कोणाची गोळी अडत नाही. माझ्या नावावरून दुसऱ्या कोणाला हुडकता येणार नाही. तुमचं ते खरं कारण संपलं होतं. उरलं होतं ते फक्त माझं लग्न, आणि तुमच्या तोंडाच्या डांबरापुढे मी ते मोजायला तयार नव्हते.

मी म्हटलं, "घागभाऊ, अण्णांनी चूक केली नव्हती. ती घंटा गिरणीची नव्हती. माझी होती. मला फिट येते. भोंग्याला गोळी घ्यायची मला सवय होती, आणि हरताळाला भोंगा नव्हता. म्हणून ते घंटा वाजवत होते. तुम्ही डांबर लावलंत म्हणून मग घोषणा दिल्या. त्याही वेळेवर, भोंग्याच्या."

दुसऱ्या रांगेतल्या मामांनी मान वळवून मला नीट न्याहाळलं, बाजारात भाजी बघतात तसं. घागभाऊ कसनुसं हसले आणि म्हणाले, "अगं बाय माझे, मग तेव्हाच सांगायचं ना त्यांनी. आम्ही काय राक्षस होतो? सांगितलं असतं तर हातही लावला नसता."

"कोणाच्या आजाराचा चौकात पुकारा करतील असे अण्णा होते का?" मी विचारलं. "आणि तुम्ही तरी काय विचारलंत? कोणी पाठवलं, घंटा कोणी दिली. डबा तुमच्या हातात आधीच होता. एवढी वर्षं ते तुम्हाला रोज दिसत होते. आजारी आहे का कोणी, असं एकदा तरी विचारलंत?"

"झालं ते झालं," घागभाऊ म्हणाले. "शोकसभा आहे. बस आता खाली. आणि जे काय असेल ते, ही एकटी पोर सांगतेय. खरं काय नि खोटं काय, माणूस तर गेला."

तिथे मी अडले, अण्णा. काकी सुतकात घरी, बाबा पाळीवर; तुमच्याशिवाय मला साक्षीदार नव्हता, आणि तुम्ही फोटोत होतात. बाकीचे जे कोणी तिथे बसले होते, ज्यांनी तुमच्या घोषणांवर गोळ्या घेतल्या असतील, ते माना खाली घालून होते. त्यांच्यावर मी रागावले नाही. त्यांना तुम्हीच तसं शिकवलं होतं. मी खाली बसले.

आणि पदर धरलेला हात सुटला. मला वाटलं, आई उठून घरी चालली. तुम्हाला ती ठाऊक आहे. कमिटीच्या माणसासमोर डोक्यावरचा पदर सरकू न देणारी, चारचौघांत एक शब्द न बोलणारी. तिच्या भीतीसाठी तुम्ही गप्प राहिलात आणि मी इतकी वर्षं कुढत राहिले. तिला आपण दोघं भित्रीच धरून चाललो होतो.

ती टेबलापर्यंत गेली. घागभाऊंसमोर, त्यांच्या डोळ्यात बघत म्हणाली, "चेडू खरा सांगता. गोळी मी देय तिका. ती घंटी माझ्या चेडवासाठी वाजी. तुम्ही तेंच्या तोंडाक डांबर फासल्यात, ता माझ्या चेडवापायी. आता माफी कोणी कोणाची मागूची ता सांगा."

घागभाऊंनी इकडेतिकडे बघितलं. कोणी टाळी वाजवली नाही. ते खुर्चीवर बसले, रुमाल काढला, रुमाल परत ठेवला. आई उत्तराची वाट बघत उभीच होती.